लेकीच्या कॉलेजातली विद्यार्थी परिषद



जून-जुलै उजाडला की आपल्या गटाच्या बैठकीत एक विषय निघतोच. कुणाच्या लेकीला यवतमाळला प्रवेश मिळाला, कुणाची पुसदला जाते, कुणाची वणीला, कुणाची पांढरकवड्याला. फी किती भरली, एस.टी.चा पास काढला का, होस्टेल मिळाले की खोली करावी लागली, हे सगळे आपण एकमेकींना विचारतो. एक गोष्ट मात्र विचारायची राहून जाते. त्या कॉलेजात मुलामुलींचे म्हणणे मांडायला कोण असते? नळाला पाणी नाही, मुलींच्या खोलीला कडी नाही, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख कुणी सांगितलीच नाही, असे झाले तर लेकीने कुणाकडे जायचे?

त्यासाठी कायद्याने एक जागा केलेली आहे. तिचे नाव विद्यार्थी परिषद. ती कशी बनते, तिच्या हातात काय असते, आणि आपल्यासारख्या घरातली पोरगी तिथपर्यंत पोचावी म्हणून काय लागते, हे आज आम्ही सांगणार आहोत.

गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ

ही रचना आपल्याला समजायला अवघड नाही, कारण आपण तशाच रचनेत रोज काम करतो. दहा-बारा जणींचा गट असतो. गटातल्या बाया ग्रामसंघात जातात, ग्रामसंघातल्या प्रभागसंघात. खालच्या पायरीवरचा प्रश्न तिथे सुटला नाही तर तो वर जातो.

कॉलेजातही पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली वर्ग. प्रत्येक वर्गाचा एक वर्गप्रतिनिधी. त्याच्या वर कॉलेजची विद्यार्थी परिषद. तिच्याही वर विद्यापीठाची विद्यार्थी परिषद. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली बहुतेक साधी पदवी कॉलेजे, म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. शिकवणारी, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झाले. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ असे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे झरी-जामणीच्या पोरीने वर्गात उचललेला प्रश्न, पायरी-पायरीने, थेट अमरावतीपर्यंत जाऊ शकतो. निदान कायद्यात तशी वाट ठेवलेली आहे.

एका विद्यार्थ्याची पाच मते

आता ही परिषद निवडायची कशी? आज आपल्या राज्यात यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा आहे. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात परिषदेचे स्वतंत्र कलम आहे, ९९ क्रमांकाचे.

त्यानुसार कॉलेजात पूर्णवेळ शिकणारा प्रत्येक विद्यार्थी पाच मते देतो. पहिले मत अध्यक्षासाठी, दुसरे सचिवासाठी. तिसरे महिला प्रतिनिधीसाठी. ही जागा मुलीसाठीच असते, दरवर्षी असते. चौथे मत आरक्षित प्रवर्गाच्या प्रतिनिधीसाठी. ही जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग या चार प्रवर्गांमध्ये आळीपाळीने फिरते, जशी आपल्याकडे सरपंचपदाची सोडत फिरते. पाचवे मत आपल्या वर्गाच्या प्रतिनिधीसाठी. पहिली चार पदे सगळे कॉलेज मिळून निवडते, पाचवे फक्त आपला वर्ग. म्हणजे पहिली चार जनतेतून निवडलेल्या सरपंचासारखी आणि पाचवे वॉर्डाच्या मेंबरासारखे.

मग सगळ्या कॉलेजांचे हे चार-चार पदाधिकारी मिळून विद्यापीठाच्या परिषदेचा अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि आरक्षित प्रवर्गाचा प्रतिनिधी निवडतात. तिथे सगळे विद्यार्थी मत देत नाहीत, त्यांचे प्रतिनिधी देतात.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण गावातही यात गफलत होते. महिला प्रतिनिधीची जागा मुलींची आहे, याचा अर्थ मुलीने तेवढ्याच जागेवर उभे राहावे असा नाही. अध्यक्षपदासाठीही मुलगी अर्ज भरू शकते, सचिवपदासाठीही. सर्वसाधारण वॉर्डातून बाई उभी राहू शकते, तसेच हे.

आधी काय होते

ही निवडणुकीची पद्धत नवी वाटत असली तरी पूर्वी कॉलेजात निवडणुका होतच होत्या. त्यात पुढे पैसा आला, बाहेरचे पुढारी आले, मारामाऱ्या झाल्या. मुंबईसारख्या शहरांत प्रकरण जिवावर बेतण्यापर्यंत गेले. म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या आणि दुसरी पद्धत आणली. आदल्या वर्षाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवणारा विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी व्हायचा. खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी. आणि सांस्कृतिक कार्यक्रमांतून काही विद्यार्थी प्राचार्य नेमायचे. दोन मुलीही प्राचार्यच नेमायचे. आणि परिषदेचे अध्यक्ष कोण? तेही प्राचार्यच.

ऐकायला हे बरे वाटते. भांडण नाही, खर्च नाही, हुशार मूल पुढे. पण आपल्या घरातून बघा. कपाशीचे दिवस आठवा. सीतादईपासून उलंगवाडीपर्यंत किती पोरी आईच्या बरोबरीने वेचणीला जातात? हिवाळी परीक्षा त्याच दिवसांत येते. सकाळी वावरात आणि दुपारी कॉलेजात जाणारी पोरगी पहिली आली नाही, तर ती वर्गाचे म्हणणे मांडू शकत नाही असे थोडेच आहे? उलट फीची, बसची, होस्टेलच्या जेवणाची अडचण तिच्याइतकी कुणाला ठाऊक? गुण अभ्यासाचे असतात. प्रतिनिधी व्हायला लोकांचा विश्वास लागतो. आपल्या गटाची अध्यक्ष आपण जास्त शिकलेली बघून निवडतो की हिशोबाला खरी आणि बोलायला धीट बघून निवडतो?

म्हणून २०१६ च्या कायद्याने मत पुन्हा विद्यार्थ्यांच्या हातात दिले. पुढे २०१८ मध्ये सरकारने निवडणुकीचे नियम काढले, २०१९ मध्ये वेळापत्रकही ठरले. पण त्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२० मध्ये करोनाने कॉलेजेच बंद झाली. कायदा झाला म्हणजे पेटी वर्गात आली असे होत नाही, हे आपण ग्रामसभेवरून जाणतोच. म्हणून लेकीच्या कॉलेजात परिषद निवडून आली आहे, नेमलेली आहे, की नाहीच, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

"पोरीले कायले पाहिजे राजकारण?"

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक गावात ऐकू येतो. शिकाले पाठवलं, शिकू द्या. यात आईबापाची काळजी आहे, ती खोटी नाही. ज्यांनी जुन्या निवडणुका पाहिल्या त्यांना भीती वाटणारच.

त्याच भीतीपोटी नियमही झाले. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिच्या शिफारशी २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केल्या. त्यातल्या ठळक गोष्टी अशा: एका उमेदवाराने ५,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. छापील पोस्टर लावायचे नाहीत, हाताने लिहिलेलेच चालतील. राजकीय पक्षांकडून पैसा घ्यायचा नाही. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळी निवडणूक दहा दिवसांत आटपायची. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला आहे तो उभा राहू शकत नाही. आणि २०१६ च्या कायद्यातही स्पष्ट आहे की परिषदेने विद्यार्थ्यांच्या हिताचे काम करायचे, पक्षाचे राजकारण करायचे नाही.

पण याच नियमांमध्ये आपल्या लेकींना आडवी येणारी एक अटही आहे. उमेदवाराची हजेरी कमीत कमी ७५ टक्के, किंवा विद्यापीठाने ठरवली असेल तेवढी, पाहिजे. विषय मागे राहिलेले नकोत. नियम केला तो वर्षानुवर्षे कॉलेजात ठाण मांडून बसणाऱ्या पुढाऱ्यांना बाहेर ठेवायला. पण वेचणीच्या दिवसांत जिची हजेरी बुडते, ती पोरगीही त्याच नियमाने बाहेर राहते. अट बदलणे आपल्या हातात नाही. मात्र लेकीला अर्ज भरायचा असेल तर दोन महिने तिची हजेरी सांभाळायची हे घरात ठरवता येते.

परिषदेच्या हातात काय असते?

काही जणी म्हणतील, परिषद म्हणजे गॅदरिंग करायचे, फेटे बांधायचे, फोटो काढायचे. तेही काम आहे. पण कायद्याने त्यापलीकडचे दिले आहे.

प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असावी असे कलम ९७ सांगते. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, निवडून आलेले शिक्षक आणि कर्मचारी त्यात असतात. शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक लोक असतात. आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हे दोघेही असतात. या समितीने वर्षातून कमीत कमी चार वेळा बसायचे असते. कॉलेजचा विकास आराखडा आणि वर्षाचे अंदाजपत्रक तिच्यासमोर येते. म्हणजे मुलींचे स्वच्छतागृह यंदा बांधायचे की नवी कमान, हा विषय जिथे निघतो तिथे दोन खुर्च्या विद्यार्थ्यांच्या आहेत. त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर बोलायचे कुणी?

विद्यापीठ पातळीवर अधिसभा असते, तिला सिनेट म्हणतात. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य असतात. याच अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले दहा प्रतिनिधीही असतात. त्यातली एक जागा महिलेसाठी आहे आणि चार जागा चार आरक्षित प्रवर्गांसाठी. आपल्या गावातल्या ज्या सुना-मुली पदवीधर आहेत त्या विद्यापीठाकडे पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवू शकतात. कॉलेज सुटले म्हणून विद्यापीठाशी नाते तुटत नाही.

तिसरी गोष्ट आईने नीट लक्षात ठेवावी अशी. प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार तिची प्रमुख बाई असते आणि निम्म्याहून कमी सदस्य बाया असून चालत नाही. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी-सदस्यही समितीत बसतात, तेही लोकशाही पद्धतीने निवडलेले. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि तक्रार करणारीचे नाव गुप्त ठेवायचे असते. प्राध्यापकांसमोर ज्या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिला तिच्याच वयाची कुणी समितीत दिसली तर धीर येतो.

खुर्ची आहे, पण मिटिंग किती वाजता?

आता मुख्य मुद्दा. कायद्याने जागा ठेवली म्हणून ती परिषद सगळ्यांची होत नाही. कुठे कुठे अडते ते आम्ही एकेक करून सांगतो.

पहिले, आळीपाळीचे गणित. प्रवर्ग चार, जागा एक, आणि बी.ए. तीन वर्षांचे. एकेक वर्ष एकेका प्रवर्गाला गेले तर एका प्रवर्गाची पाळी चार वर्षांनी येते. म्हणजे एखादी कोलाम किंवा गोंड मुलगी प्रवेश घेऊन पदवी घेऊन जाईल आणि तिच्या कॉलेजात अनुसूचित जमातीची पाळी आलीच नाही असेही होऊ शकते. बंजारा तांड्यावरच्या मुलीचेही तसेच. म्हणून राखीव जागेची वाट बघत बसायचे नाही. वर्गप्रतिनिधीची जागा दरवर्षी प्रत्येक वर्गात असते आणि ती सगळ्यांना खुली असते. पहिली उडी तिथून मारायची.

दुसरे, वेळ. परिषदेची बैठक कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी पाचला ठेवली आणि गावाची शेवटची गाडी साडेचारची असली, तर मारेगाव-घाटंजीकडच्या खेड्यातली पोरगी निवडून येऊनही बैठकीला येणार नाही. मग लोक म्हणतात, मुली येतच नाहीत. मुली येत नाहीत की गाडी थांबत नाही? आपल्या ग्रामसंघाची बैठक आपण स्वयंपाक आणि वावर बघूनच ठेवतो ना? कॉलेजातही दोन तासिकांच्या मधल्या सुटीत बैठक ठेवता येते. तशी मागणी करणे हे प्रतिनिधीचे पहिले काम आहे.

तिसरे, भाषा. आपल्या जिल्ह्यात घरात कोलामी बोलणाऱ्या, गोंडी बोलणाऱ्या, गोरमाटी बोलणाऱ्या मुली आहेत. कॉलेजात आल्यावर मराठीतच त्या बिचकतात, आणि सूचनाफलकावर निवडणुकीची सूचना इंग्रजीत लागलेली असते. अर्ज भरायची तारीख निघून गेल्यावर कळते. सूचना मराठीत लावा, वर्गात वाचून दाखवा, एवढेच मागायचे आहे. याला खर्च शून्य येतो.

चौथे, जागा. बैठकीची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि एखादा विद्यार्थी कुबड्या घेऊन येतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चाच आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के प्रवेश राखीव आहेत. प्रवेश दिला आणि बैठक जिन्यावर ठेवली, तर दार उघडून उंबरठा कमरेएवढा केल्यासारखे झाले.

पाचवे आपल्या फार ओळखीचे. महिला प्रतिनिधी निवडून येते, पण निर्णय मुलांचे टोळके चहाच्या टपरीवर घेते आणि सही करायला हिला बोलावते. गावात सरपंचबाईचा नवरा खुर्चीत बसतो, त्याचीच ही कॉलेजातली आवृत्ती. यावर औषधही आपल्याला ठाऊक आहे. आपल्या गटात ठराव वाचून दाखवल्याशिवाय आपण सही करत नाही. विषय आधी लेखी मागायचे, बैठकीत काय ठरले ते नोंदवहीत लिहायचे, ते मोठ्याने वाचायचे, मग सही. हे शिक्षण लेकीला कॉलेज देईल न देईल, आपण देऊ शकतो. दशसूत्रीतली वेळेवर बैठक आणि नीट लिहिलेली नोंदवही तिने लहानपणापासून घरात पाहिलेली असते.

आपण काय करू शकतो

आपण कॉलेजात मत द्यायला जाणार नाही. पण अर्ज भरू की नको, हा प्रश्न लेक सगळ्यात आधी घरातच विचारते. आपल्या एका "कायले पाहिजे"ने तो अर्ज चुलीत जातो, आणि "भर, मी आहे" म्हटल्याने तो कॉलेजात पोचतो. आजच्या बोलण्याचे सार विचाराल तर एवढेच आहे. कायद्याने खुर्ची ठेवली, तिच्यापर्यंतची वाट आपल्या अंगणातून सुरू होते.

प्रवेशाच्या वेळी फीची पावती घेताना कार्यालयात पाच गोष्टी विचाराव्या. लेकीलाच विचारायला लावले तर आणखी चांगले.

१. या कॉलेजात विद्यार्थी परिषद आहे का? ती निवडलेली आहे की नेमलेली?

२. वर्गप्रतिनिधी कधी निवडतात, आणि त्याची सूचना कुठे लागते?

३. यंदा आरक्षित प्रवर्गाची पाळी कुणाची आहे?

४. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन नंबर कुठल्या फलकावर आहेत?

५. महाविद्यालय विकास समितीची बैठक कधी झाली, त्यात विद्यार्थी कोण होते?

उत्तर लगेच मिळेलच असे नाही. पण प्रश्न विचारणारे आईबाप आहेत हे कळले की फलक लागायला लागतात.

आणि ज्यांची लेक प्रतिनिधी झाली, त्यांनी तिला एवढेच सांगावे: तू पुढारी झालेली नाहीस, तू निरोप नेणारी झालीस. वर्गातले म्हणणे वर न्यायचे, वरचे उत्तर वर्गात आणून सांगायचे. उत्तर "नाही" असले तरी सांगायचे. मागच्या बाकावर बसून जी कधी बोलत नाही, तिला आधी विचारायचे.

येत्या बैठकीत हे वाचून झाले की गटात दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गावातल्या किती मुली कॉलेजात जातात, आणि त्यातली एक तरी कधी वर्गप्रतिनिधी झाली का? झाली नसेल, तर ती कुठे अडली: हजेरीवर, गाडीवर, सूचनेवर, की घराच्या उंबरठ्यावर? जे उत्तर येईल ते नोंदवहीत लिहून ठेवा. पुढच्या जूनमध्ये कामी येईल.